मंत्राचा खोडवा

मांत्रिकाच्या पानात जास्त वाढलं की बाकीचे उपाशी उठतात, हे मुबशिराला चांगलं कळत होतं. त्याच्या पानात नेमकं किती आणि कधी वाढायचं, तिथं मात्र तिचं घोडं कधीचं अडलं होतं.

हा मांत्रिक म्हणजे काही लिंबू-मिरचीवाला नव्हे. तो मुबशिरानं रचलेल्या खेळातला. खेळाचं नाव 'माळावरची टोळी'. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी लढवय्या, कुणी वाटाड्या, कुणी वैदू, कुणी मांत्रिक. संकट समोर आलं की काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, फासे टाकायचे आणि फासे देतील ते सोसायचं. माळावरच्या सगळ्या विहिरी पिऊन टाकणारा 'कोरड्या' नावाचा राक्षस शेवटी बसलेला असतो, त्याला टोळीनं मिळून गाठायचं. परदेशात असले खेळ ढिगानं आहेत. ज्वारी-बाजरीच्या माळावर घडणारा, मराठीत बोलणारा मात्र मुबशिराला कुठं दिसला नाही, म्हणून तिनं तो केला. एम.कॉम. झालेली पोर स्थळं बघायची सोडून राक्षसांची हाडं मोजत बसते, असं तिच्या फुपीचं, म्हणजे आत्याचं, म्हणणं होतं, आणि फुपीचं म्हणणं सगळ्या गल्लीला पाठ होतं.

बारामतीत भिगवण रस्त्याला त्यांचं घर. वर राहायचं, खाली वडलांचा छापखाना. इब्राहिमभाई आतार लग्नपत्रिका छापतात. गावात कुणाचंही लग्न असो, नवरा-नवरीची नावं सोनेरी करायला माणसं त्यांच्याकडेच येतात. पत्रिका कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्यांवर मुबशिरा आपले मंत्र लिही. त्यामुळं तिच्या 'वणवा' मंत्राच्या पाठीवर अर्धा गणपती असे, कुठल्या पत्त्याच्या मागं चांदतारा असे, आणि 'दगडी कवच' उलटं केलं की 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' अशी सोनेरी ओळ निघे. 'कुणाची मावशी आणि कुठं लढतीय,' म्हणून इब्राहिमभाई हसत. पट्ट्या मात्र ते स्वतः निवडून तिच्यासाठी बाजूला ठेवत. फक्त वरच्या फळीवरच्या मोतिया कागदाच्या गठ्ठ्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. तो मुबशिराच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी त्यांनी किती वर्षांपूर्वी आणून ठेवला होता, देव जाणे.

पुण्याला खेळ छापणाऱ्या एका कंपनीत राजलक्ष्मी नावाच्या बाई होत्या. नवे खेळ पारखणं हे त्यांचं काम. मुबशिराचा खेळ वाचून त्या जानेवारीत स्वतः बारामतीला आल्या, छापखान्याच्या माडीवर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "खेळ कसा आहे ते मी फाशांवरून ठरवत नाही. चहा आला की टेबलावरून कोण उठतं, ते बघते."

झालं, तिथंच माशी शिंकली. मांत्रिक झाला होता दानिश, मुबशिराचा चुलतभाऊ. खेळाच्या सुरुवातीला मांत्रिकाकडं एकच मंत्र. तो पहिल्याच लढाईत वापरून झाला, पत्ता डब्यात गेला, आणि दानिश जांभया देत मोबाइल बघत बसला. पुढं खेळातल्या पायऱ्या चढत गेला तसे मंत्र वाढत गेले, आणि मग त्याला आवरणं मुश्किल झालं. लांडग्यांची झुंड आली, जाळली. दरोडेखोर आले, पुरले. लढवय्या होता ऋषिराज, पिंपळीचा, कॉलेजपासूनचा दोस्त. घरचा ऊस आणि दुपारी ठिबकच्या दुकानात नोकरी. तो बिचारा तलवार उपसून बसला होता, पण तलवार चालवायला समोर कुणी जिवंतच राहीना. चहा आला तसा तो उठला तो खाली जाऊन वडापाव खाऊनच परत आला.

"मी नसलो तरी चालतंय की," तो तोंड पुसत म्हणाला.

राजलक्ष्मीबाईंनी मुबशिराकडं बघितलं नाही, हाच काय तो त्यांचा चांगुलपणा.

"गोष्ट सोन्यासारखी आहे," जाताना त्या म्हणाल्या. "ती आपण छापू. पण मंत्रांची चढण साफ चुकलीय. आमच्याकडे विशाल आहे, हेच काम करतो. प्रत्येक पायरीला किती मंत्र, केवढे मंत्र, याची त्याची एक शिडी तयार आहे. ती इथं लावू. गोष्ट तुझी, मंत्र त्याचे."

"मंत्र गेले तर माझं काय राहिलं, मॅडम?" मुबशिराच्या तोंडून निघून गेलं. "माळ तर कुणाचाही असतो."

बाई दारात थांबल्या. पुढच्या महिनाअखेरीला कंपनीची इंदापूरला चाचणी होती. तिथं टेबलाला सगळी अनोळखी माणसं बसणार, नुसती पुस्तिका वाचून खेळणार, आणि रचणाऱ्यानं शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. "त्यात तुझे मंत्र टिकले तर तुझेच छापीन. नाही टिकले तर विशालची शिडी. मग रडायचं नाही."

"नाही रडणार," मुबशिरा म्हणाली, आणि त्या जिना उतरेपर्यंत तिनं तो शब्द पाळला.

मग सुरू झाली ओढाताण. मंत्रांची ताकद कमी करून बघितली, तर मांत्रिक व्हायला कुणी तयार होईना. नुसती काठी घेऊन कोण हिंडणार? मंत्रामागं मांत्रिकाचं थोडं रक्त जाईल असं ठरवलं, तर दानिश दुसऱ्या लढाईत रक्त जाऊनच मेला आणि घरी निघून गेला. लढवय्यालाही मंत्र देऊन बघितले, तर सगळेच मांत्रिक झाले आणि टोळीची मंत्रशाळा झाली. ज्यानं त्यानं मोठा मंत्र शेवटासाठी हातचा राखून ठेवायचा, आणि शेवट येईस्तोवर खेळच कंटाळून मरायचा, हे दुखणं तर कशानंच जाईना. ती जेवताना पुटपुटायची, हिशेबाच्या वह्या तपासताना पुटपुटायची. फुपीनं एकदा तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. त्याचाही उपयोग झाला नाही.

अशात एका रविवारी दुपारी माडीवर भांडण झालं.

त्या दिवशी मांत्रिक होता ऋषिराज. त्यानं 'वणवा' टाकला, लांडगे जळाले, पत्ता डब्यात टाकायचा तो त्यानं हळूच मांडीखाली सारला. पुढच्या फेरीला तोच पत्ता त्यानं पुन्हा टेबलावर आपटला.

"ऋषिराज, हा वापरून झालाय."

"झालाय की. म्या कुठं न्हाय म्हणतो?"

"मग परत कसा आला?"

"खोडवा हाय त्यो," ऋषिराज म्हणाला. चेहऱ्यावर चोरीचा मागमूस नाही. "एकदा तोडला म्हंजी संपला व्हय? बुडखा जमिनीत हाय की. लागणीचा खर्च एकदा, ऊस तीनदा. तोडल्या तोडल्या कोण खुळा मुळं उपटून डब्यात टाकतो?"

"अरे, हा ऊस नाही! मंत्र आहे!"

"मंत्र असू दे, न्हाय तर मका असू दे. मला तोट्यात घालू नको."

दानिश टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. मुबशिराच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. इथं आपला जीव टांगणीला लागलाय आणि हा पठ्ठ्या मांडीखाली पत्ते लपवतोय. ती त्याला चोर म्हणाली. चोर म्हटल्यावर ऋषिराज उठला, आमच्या घरात चार पिढ्या हेच करत आल्यात, काय सगळे चोर हायत का, असं विचारून जिना दणाणवत निघून गेला. चप्पल मात्र विसरला, म्हणून परत आला आणि पुन्हा एकदा तसाच दणाणवत गेला.

मुबशिरा खाली येऊन वडलांना पट्ट्या कापायला मदत करायला बसली. राग आला की ती हेच करी. कटिंग मशीनचं पातं खाली येई, कागदाची कड सुटून पडे, गठ्ठा पुढं सरके. कापलं की पुढचं येतं. कापलंच नाही तर काहीच येत नाही. तिचा हात थांबला.

"काय गं?" इब्राहिमभाईंनी विचारलं. "बोट तर नाही ना कापलं?"

"अब्बा, ऊस तोडल्यावर तो जास्त फुटतो ना?"

"मला काय विचारतीस? मी आयुष्यात कागदच तोडला. त्या चप्पल विसरणाऱ्याला विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती स्कूटी काढून पिंपळीला गेली. ऋषिराज रुसलेला होता, पण ऊस दाखव म्हटल्यावर त्याचा रुसवा बांधापर्यंतसुद्धा टिकला नाही. नुकत्याच तोडलेल्या रानात बुडख्यांना हिरवे कोंब आले होते, चांगले जोमदार, एकेका बुडख्याला कितीतरी. "ह्यो खोडवा. बेणं न्हाय, नांगरट न्हाय, फुकटात आला," तो छाती काढून म्हणाला. "माझं ऐकशील तर खेळात पण असंच ठेव. एकदा मंत्र लावला की मांत्रिकाला जन्मभर पुरला पायजे." मांत्रिक पुढच्या वेळीही तोच होणार होता, हे सांगायला नको.

पलीकडच्या तुकड्यात ऊस विरळ होता. मध्ये मध्ये नुसती जमीन, असलेल्या कांड्या बोटाएवढ्या.

"आणि हे काय?"

"त्यो निडवा. खोडव्याच्या मागला. जरा हलका येतो." ऋषिराजनं विषय बदलायचा प्रयत्न केला, पण त्याची आई जयवंताकाकू चारा कापत होत्या, त्यांनी ऐकलं.

"निडवा कसला, त्याच्याबी मागला हाय त्यो," काकू विळा आपटून म्हणाल्या. "मोडून टाक, मोडून टाक म्हणून माझी जीभ झिजली. पर ह्याला नांगर घालायचं जिवावर येतं. नवी लागण करायची म्हंजी पुन्हा खर्च, पुन्हा वाट बघणं. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ न्हाई, पर सांगायचं कुणाला? येतंय तवर येऊ दे म्हणतोय. येतंय काय, तर ह्ये चिपाड."

"काकू, पण मोडायचं नेमकं कधी, हे कसं ठरवायचं?"

"त्येच तर अवघड हाय, बाई. तितंच माणूस चुकतो."

मुबशिरा त्या विरळ उसाकडं बघत उभी राहिली आणि तिला एकदम हसू यायला लागलं. इतके दिवस ती मांत्रिकाला बेड्या घालायला बघत होती. बेड्यांची गरजच नव्हती! मंत्र वापरल्याशिवाय फुटणार नाही, फुटून फुटून हलका होत जाईल, आणि मोठा मंत्र हवा असेल तर हातातला, चालू असलेला, सवयीचा मंत्र आपल्याच हातानं मोडावा लागेल. तो कधी मोडायचा, हे कुठलीही पुस्तिका सांगणार नाही. खेळ तिथंच होता. तिनं खाली वाकून सरीत पसरलेला वाळका पाला उचलला.

"आणि हे पाचट? जाळत नाही?"

"आता न्हाय जाळत. सरीत ठेवलं की वल टिकती, पुढच्या पिकाला खत हुतं."

"म्हणजे तोडलेल्याचा पालासुद्धा कामाला येतो."

"व्हय. पर तू हसतीयास कशाला?" ऋषिराजनं संशयानं विचारलं.

"तुला चोर म्हटलं ते परत घेते," मुबशिरा म्हणाली. "पण पत्ता तू चोरलाच होतास."

पुढचे सगळे दिवस माडीवर कात्री, फासे आणि आरडाओरडा. नियम तसे चारच ओळींचे झाले. नवा मंत्र म्हणजे लागण. तो पालथा ठेवायचा आणि तीन फेऱ्या थांबायचं, तेव्हा तो उभा राहतो. तोडला की पुढच्याच फेरीला त्याचा खोडवा येतो, थोडा हलका. मग निडवा, आणखी हलका. मग नुसतंच चिपाड. दरवेळी मंत्र तोडला की टोळीतल्या बाकीच्या प्रत्येकाला पाचटाचा एक छोटा पत्ता मिळतो. तो लढताना जोर म्हणून वापरावा, नाहीतर मांत्रिकाच्या नव्या लागणीवर पसरावा. आणि वरच्या पायरीचा मंत्र टेबलावरच्या फक्त अशाच सरीत, म्हणजे पत्त्याच्या जागेवर, लागतो, जिथं आधीचा मंत्र तोडून तोडून शेवटी मोडलेला आहे. ज्यानं राखून ठेवला, तो तिथंच राहिला. पाचट हे तिचं खास लाडकं होतं. आता मांत्रिकानं मंत्र तोडावा म्हणून लढवय्याच त्याच्या मागं लागणार होता.

इंदापूरची चाचणी एका मंगल कार्यालयात होती. त्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणून स्वस्तात मिळालेलं. स्टेजवर कालच्या लग्नाची झेंडूची फुलं तशीच, आणि खाली टेबलं मांडलेली. मुबशिराच्या टेबलावर सूत्रधार म्हणून पुस्तिका घेऊन कोण बसावं? विशाल! तोच, शिडीवाला. पण विशाल सरळ माणूस निघाला. "मी पुस्तिकेत आहे तेवढंच वाचणार," तो म्हणाला. "कमी नाही, जास्त नाही."

लढवय्यी होती जास्मिन, तिथल्याच एका दवाखान्यातली नर्स, सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीबरोबर आलेली. ती मैत्रीण वैदू झाली. एक मोबाइल दुकानवाला वाटाड्या झाला. आणि मांत्रिक झाले आप्पासाहेब. हे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ नातवंडांना सोडायला म्हणून आले होते आणि रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसले. मुबशिरा भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारी ऋषिराज. राजलक्ष्मीबाई समोरच्या खांबाशी.

सुरुवात झकास झाली. लागण, खोडवा, निडवा हे शब्द वाचून टेबलावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आप्पासाहेबांनी 'वणवा' लावला, राखला, वेळेला तोडला. लांडगे पळाले. तिघांच्या हातात पाचट पडलं आणि जास्मिननं त्या जोरावर दरोडेखोरांचा म्होरक्या एकटीनं लोळवला. "अजून तोडा की, आप्पासाहेब!" ती ओरडली. मुबशिराच्या जिवात जीव आला.

पण माणूस शेवटी माणूस. आप्पासाहेबांचा खोडवा झाला, निडवा झाला, आणि वणव्याची आता नुसती चूड राहिली. तरी ते मोडेनात. कोरड्या समोर येऊन उभा, जिभा लांब काढून शेवटची विहीर प्यायला लागलेला, आणि हे फेरीमागून फेरी तीच चूड त्याच्या पायाला लावतायत.

"आप्पा, नवा मंत्र लावा ना," वाटाड्या म्हणाला.

"येतंय तवर येऊ द्या की," आप्पासाहेब म्हणाले. "मोडला आन मधल्या मधी मेलो तर? हातात काय राहील?"

ऋषिराजनं तोंड उघडलं. मुबशिरानं त्याच्या पायावर पाय दिला. स्वतःच्या दातांखाली तिनं ओढणीचं टोक धरलं होतं. मोडा, मोडा, ती मनात म्हणत होती, अहो, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप! पण तोंड उघडायचं नव्हतं. टेबल मंदावलं. कोरड्यानं वैदूला खाली पाडलं. आणि नेमका तेव्हाच ट्रे घेऊन चहावाला आला.

वाटाड्यानं खुर्ची मागं सरकवली. राजलक्ष्मीबाईंची नजर त्याच्याकडं गेली. मुबशिरानं डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. गोष्ट माझी, मंत्र दुसऱ्याचे.

"बसा खाली!"

आवाज जास्मिनचा होता. मुबशिरानं डोळे उघडले. जास्मिन उभी राहिली होती आणि तिनं वाटाड्याची बाही धरली होती. "कुठं चाललाय? आप्पासाहेब, घाला नांगर. मोडा त्यो मंत्र."

"आन तीन फेऱ्या? तवर ह्यो मला गिळंल!"

"तुमाला गिळायच्या आधी त्याची माझ्याशी गाठ हाय. तीन फेऱ्या मी उभी ऱ्हाते. तुमी लावा."

आप्पासाहेबांनी हातातल्या पत्त्याकडं बघितलं. चांगला चालणारा बैल विकताना माणूस बघतो तसं बघितलं. मग तो पत्ता त्यांनी डब्यात टाकला. "मोडला," ते म्हणाले, आणि सगळ्यांत वरच्या पायरीचा मंत्र, 'आभाळफोड', पालथा ठेवला.

त्यानंतरच्या तीन फेऱ्या मुबशिराला जन्मभर आठवणार आहेत. जास्मिननं एक एक घाव अंगावर घेतला. कोरड्याची जीभ आली, ढालीवर घेतली. ढाल फुटली, तर खांद्यावर घेतली. वैदू पडल्या पडल्या तिला बांधत होती. वाटाड्या दगड मारून राक्षसाला भलतीकडं वळवत होता. आणि लढता लढता तिघंही आपापलं उरलेलं पाचट आप्पासाहेबांच्या पालथ्या पत्त्यावर पसरत होते. शेजारच्या टेबलांवरची माणसं खेळ सोडून इकडं गोळा झाली. दीड महिन्यापूर्वी जो लढवय्या वडापाव खायला गेला होता, तो आता सगळ्या मंगल कार्यालयाचा जीव होऊन बसला होता.

"उभा राहिला मंत्र," विशाल म्हणाला. "टाका फासा. पाचट धरून वीस झाले पाहिजेत."

आप्पासाहेबांनी कपाळाला लावून वीस बाजूंचा फासा टाकला. पडले आठ.

अरेरे, असा आवाज उठला. पण वैदू पाचटाचे पत्ते उचलायला लागली होती. एकेका पत्त्याला दोन. "दहा," ती मोजायला लागली तसं सगळेच मोजायला लागले. "बारा! चौदा! सोळा! अठरा!" आणि पत्ते संपले. आप्पासाहेबांनी डोक्याला हात लावला.

"थांबा," जास्मिन म्हणाली. स्वतःच्या जोरासाठी म्हणून तिनं एक पाचट राखलं होतं. आता तिच्या अंगात एकच घाव सोसण्याचं बळ उरलं होतं, आणि ते पाचट द्यायचं म्हणजे कोरड्या वाचला तर पहिली तीच मरणार. तिनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. पत्ता टेबलावर आपटला. आपटला तो उलटा पडला, आणि पाठीवरची त्याच जुन्या पत्रिकेची सोनेरी ओळ वर आली.

"आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" वाटाड्यानं मोठ्यानं वाचलं.

"यायचं हं!" सगळं कार्यालय ओरडलं. आभाळ फुटलं, विहिरी भरल्या, कोरड्या बुडून मेला. आप्पासाहेब खुर्चीवर उभे राहून नाचायला लागले आणि त्यांना उतरवताना दोघं थकले. ऋषिराज मुबशिराला म्हणत होता, "खोडवा माझा हाय, बरं का, खोडवा माझा!" तिला काही ऐकू येत नव्हतं. ती रडत होती. रडायचं नाही असं ठरलं होतं ते हरल्यावर. जिंकल्यावरचं काही ठरलं नव्हतं.

राजलक्ष्मीबाई टेबलापाशी आल्या. त्यांनी ट्रेमधला एक कप उचलून बघितला. चहावर जाड साय धरली होती. एकाही कपाला कुणी हात लावला नव्हता.

"विशाल?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, माझी शिडी इथं टेकवायला जागाच नाही," विशाल म्हणाला. मग मुबशिराकडं वळून, जरा लाजत, "ते पाचटाचं कसं सुचलं, मला सांगशील का?"

"पिंपळीला चल," मुबशिरा नाक पुसत म्हणाली. "चप्पल घालून ये."

खेळ छापून यायला उन्हाळा उजाडला. पहिला डाव बारामतीत, छापखान्याच्या माडीवर मांडायचा असं ठरलं. त्या आठवड्यात मुबशिरा सकाळी खाली आली, तर वरची फळी रिकामी. मोतिया कागदाचा गठ्ठा नव्हता.

"अब्बा, तो कागद?"

"वापरला," इब्राहिमभाई मशीन पुसत म्हणाले.

"वापरला? अहो, तो लग्नासाठी..."

"लग्न ठरेल तेव्हा ठरेल. तेव्हा नवीन आणू, याच्याहून भारी आणू. हे आधी ठरलं, तर हे आधी." त्यांनी एक पत्रिका तिच्या हातात दिली. हात पुसूनही बोटांना सोनेरी रंग राहिलाच होता.

'माळावरची टोळी. गोष्ट आणि मंत्र : मुबशिरा इब्राहिम आतार.' आतापर्यंत साऱ्या तालुक्याच्या लेकींची नावं त्या घरात सोनेरी झाली होती. तिचं पहिल्यांदाच झालं होतं. ती ओळ तिनं पुन्हा पुन्हा वाचली. तेवढ्यात गल्लीतून फुपीचा आवाज आला. पत्रिकांचा गठ्ठा काखेत धरून ती दारोदार फिरत होती आणि प्रत्येक उंबऱ्याशी थांबून, पत्रिकेच्या तळाची ओळ अगदी ठासून म्हणत होती :

"आमच्या मुबशिराच्या खेळाला यायचं हं!"